'द जेफरसन्स' आणि मराठी दिवाणखाना : उन्नत दलित कुटुंबाच्या विनोदाचा प्रश्न

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिका हा प्रकार समीक्षेच्या दृष्टीने बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. करमणुकीचे हलके साधन म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. तथापि एखाद्या समाजात कोणते कुटुंब 'आपल्यासारखे' मानले जाते आणि कोणाच्या घरातील हसू सर्वांचे हसू ठरते, हे या प्रकारातून जितके स्पष्ट कळते तितके गंभीर साहित्यातूनही क्वचितच कळते. प्रस्तुत लेखात 'द जेफरसन्स' या अमेरिकन मालिकेचा विचार केला असून तिच्या आधारे मराठी नाटक, आत्मकथन व दूरचित्रवाणी यांतील उन्नत दलित कुटुंबाच्या चित्रणाची तपासणी केली आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा व महाराष्ट्रातील दलितांचा अनुभव एकच आहे, असे येथे गृहीत धरलेले नाही. परंतु या दोहोंमधील संवाद जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने तेथील साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला. हा संवाद प्रामुख्याने वेदना आणि विद्रोह या दोन सूत्रांभोवती झाला. विनोद हे तिसरे सूत्र मात्र त्यात फारसे आले नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या तिसऱ्या सूत्राकडे आहे.

मालिकेचे स्वरूप

'द जेफरसन्स' ही मालिका सी.बी.एस. या अमेरिकन वाहिनीवर १८ जानेवारी १९७५ ते २ जुलै १९८५ या काळात प्रसारित झाली. अकरा पर्वांत तिचे २५३ भाग झाले. नॉर्मन लिअर हे या मालिकेमागील निर्माते होत. त्यांच्याच 'ऑल इन द फॅमिली' या १९७१ साली सुरू झालेल्या मालिकेत जेफरसन कुटुंब प्रथम दिसले. तेथे ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील आर्ची बंकर या पूर्वग्रहदूषित गोऱ्या कामगाराचे शेजारी होते. स्वतंत्र मालिकेत हे कुटुंब मॅनहॅटनच्या पूर्वेकडील श्रीमंत वस्तीतील उंच इमारतीत राहावयास जाते. अपघाताच्या नुकसानभरपाईतून जॉर्ज जेफरसनने कपडे धुण्याचे पहिले दुकान उघडले आणि पुढे त्याच्या दुकानांची साखळी झाली, अशी या स्थलांतरामागील पूर्वकथा आहे.

लिअर यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्यांच्या 'गुड टाइम्स' या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबावरील मालिकेबद्दल ब्लॅक पँथरच्या काही कार्यकर्त्यांनी त्यांच्या कार्यालयात येऊन जाब विचारला होता. पडद्यावरचा कृष्णवर्णीय नेहमी दरिद्रीच का, असा त्या आक्षेपाचा आशय होता. 'द जेफरसन्स'च्या जन्मामागे हा आक्षेप होता, ही बाब महत्त्वाची आहे. दारिद्र्याचे सहानुभूतिपूर्ण चित्रणही अपुरे ठरू शकते, याची जाणीव त्यामागे दिसते.

जॉर्ज (शर्मन हेम्सली), त्याची पत्नी लुईस (इझाबेल सॅन्फर्ड), मुलगा लायनेल, जॉर्जची आई, मोलकरीण फ्लॉरेन्स (मार्ला गिब्स), शेजारी हॅरी बेंटली हा इंग्रज गृहस्थ आणि टॉम व हेलन विलिस हे आंतरवर्णीय दाम्पत्य, अशी मालिकेची मुख्य पात्ररचना आहे. टॉम गोरा आहे, हेलन कृष्णवर्णीय आहे. त्यांची मुलगी जेनी हिच्याशी लायनेलचा विवाह होतो. जॉर्जला हे व्याही मुळीच पसंत नाहीत. सॅन्फर्ड यांना १९८१ मध्ये विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. या गटात तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री होत.

घराचा मालक कोण?

या मालिकेचे वेगळेपण जॉर्जच्या श्रीमंतीत नाही. ते घराच्या मालकीत आहे. दिवाणखाना जॉर्जचा आहे आणि गोरी माणसे त्यात पाहुणे म्हणून येतात. दार उघडण्याचा आणि तोंडावर लावून घेण्याचा अधिकार जॉर्जचा आहे. बेंटलीच्या तोंडावर दार आपटणे हा मालिकेतील वारंवार येणारा विनोद आहे. ज्या समाजाच्या तोंडावर पिढ्यान् पिढ्या दारे लावली गेली, त्या समाजातील माणूस येथे दाराच्या आतल्या बाजूस उभा आहे, म्हणून या साध्या कृतीला अर्थ प्राप्त होतो.

मालकीबरोबर जॉर्जला आणखी एक हक्क मिळतो, तो सदोष असण्याचा. जॉर्ज आढ्यतेखोर, कंजूष आणि लबाड आहे. धनाढ्य बँकर व्हिटेन्डेल याची मर्जी संपादन करण्यासाठी तो कोणत्याही थराला जातो. टॉम आणि हेलन यांच्या विवाहाची तो निर्दयपणे टवाळी करतो. म्हणजे वर्णद्वेषाचा बळी असलेला माणूस स्वतः पूर्वग्रहापासून मुक्त नाही. काही टीकाकारांनी या पात्रावर विदूषकीपणाचा आक्षेप घेतला. कृष्णवर्णीयाला हास्यास्पद करण्याच्या जुन्या अमेरिकन परंपरेशी त्याचे नाते जोडले. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु जुन्या परंपरेतील हसू बाहेरच्याचे होते आणि हसण्याचे कारण वर्ण होता. जॉर्जच्या बाबतीत हसण्याचे कारण त्याचा स्वभाव आहे, आणि त्याला सर्वांत आधी हसतात ती त्याच्याच घरातील माणसे. हा फरक मूलभूत आहे.

१९८१ मधील एका भागात इमारतीत भरलेल्या कू क्लक्स क्लानच्या सभेत एका म्होरक्यास हृदयविकाराचा झटका येतो आणि जॉर्ज कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन त्याचे प्राण वाचवितो. शुद्धीवर आल्यावर, आपल्याला मरू द्यावयास हवे होते, असे तो मनुष्य म्हणतो. येथे हसू थांबते. जॉर्जचा पैसा, त्याची इमारत आणि त्याचे उपकार यांपैकी काहीही त्या माणसाच्या लेखी जॉर्जला माणूस ठरवू शकत नाही. उन्नती ही वर्णव्यवस्थेतून सुटका नव्हे, हे सत्य मालिका उपदेशावाचून सांगते.

फ्लॉरेन्सचा प्रश्न

मालिकेच्या पहिल्याच भागात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. त्याच इमारतीत काम करणारी एक कृष्णवर्णीय मोलकरीण लुईसलाही मोलकरीणच समजते आणि तिच्याशी मैत्री करते. लुईसने पूर्वी स्वतः मोलकरणीचे काम केलेले असल्यामुळे तिला हा गैरसमज दूर करणे जड जाते. याच भागात फ्लॉरेन्स कामाच्या चौकशीसाठी येते. या इमारतीत जेफरसन आणि हेलन हे दोन्ही कृष्णवर्णीय रहिवासी आहेत, हे कळल्यावर ती आश्चर्याने विचारते की, आपण सर्वांनी अडथळे पार केले असतील, तर ते मला कोणीच कसे सांगितले नाही? नागरी हक्क चळवळीच्या आश्वासनाला लागून असलेला हा प्रश्न श्रोत्यांना हसवितो. तो मालिकेचा नैतिक पायाही ठरतो. काहींची उन्नती झाली, सर्वांची झाली नाही, याचे स्मरण फ्लॉरेन्सच्या रूपाने त्या घरात कायम वावरत राहते.

या ठिकाणी 'द कॉस्बी शो' (१९८४-१९९२) या पुढच्या मालिकेशी तुलना उपयुक्त ठरते. त्यातील कुटुंबात पती डॉक्टर व पत्नी वकील आहे; घर सुसंस्कृत आहे. सट जॅली आणि जस्टिन लुईस यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, अनेक गोऱ्या प्रेक्षकांनी या कुटुंबाचे यश म्हणजे भेदभाव संपल्याचा पुरावा मानला. जे मागे राहिले ते आपल्या दोषाने, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आदर्श कुटुंबाचे चित्रण अशा प्रकारे विपरीत परिणाम करू शकते. 'द जेफरसन्स' या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त राहिली, कारण तिच्यातील घर आदर्श नव्हते आणि त्या घरात स्मरणशक्ती शाबूत होती.

मराठी दिवाणखाना

मराठी नाटकाचा दिवाणखाना हा टीकेचा जुना विषय आहे. परंतु तो कोणाचा, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. विजय तेंडुलकर यांच्या 'कन्यादान' (१९८३) या नाटकात घर नाथ देवळालीकर या समाजवादी पुढाऱ्याचे आहे. अरुण आठवले हा दलित तरुण तेथे जावई म्हणून येतो. घर ज्याचे, दृष्टिकोनही त्याचा, हा रंगभूमीचा अलिखित नियम येथे काम करतो. अरुण प्रेक्षकांसमोर येतो तो परीक्षेस बसलेला पाहुणा म्हणून. त्याचे स्वतःचे घर रंगमंचावर येत नाही.

दत्ता भगत यांच्या 'वाटा पळवाटा' या १९८०च्या दशकातील नाटकात ही मांडणी उलटते. येथे घर सतीश या दलित प्राध्यापकाचे आहे, पत्नी हेमा ब्राह्मण आहे. आंबेडकरी चळवळीच्या जुन्या पिढीतील काका आणि आक्रमक तरुण कार्यकर्ता अर्जुन या घरात येऊन वाद घालतात. तीन पिढ्यांचे तीन मार्ग एका दिवाणखान्यात समोरासमोर येतात. सतीशची स्थिती जॉर्जप्रमाणेच दोन्हीकडून प्रश्नांकित आहे. त्याच्या स्थैर्याचा समाजाला उपयोग काय, हा अर्जुनचा प्रश्न म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रश्नाचेच दुसरे रूप होय. फरक असा की, फ्लॉरेन्सचा प्रश्न हसवून विचारला जातो, अर्जुनचा संतापून. मराठी नाटकात हा संताप स्वाभाविक होता. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत डॉ. आंबेडकरांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात व्यक्त केली होती, आणि ती खंत या वर्गाच्या अंतःकरणात अद्याप ताजी आहे. 'दलित ब्राह्मण' हा टोमणाही याच जखमेतून आलेला आहे.

आत्मकथनांत मात्र विनोदाचा अंश विपुल आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन अवतार परस्परांशी बोलतात. नोकरदार दया पवारला दगडूपासून सुटता येत नाही. या रचनेत करुणेइतकाच उपहासही आहे. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हे तर उन्नत होणाऱ्या कुटुंबाचेच आख्यान आहे. नाशिकजवळच्या ओझर येथील येसकरकी नाकारून मुंबईस आलेले दामोदर जाधव, त्यांची पत्नी आणि उच्चशिक्षित मुले यांची ही कथा आहे. हट्टी, कष्टाळू, मिस्कील बापाचे चित्र मराठी वाचकांनी आपलेसे केले. शीर्षकातील 'आन्' या बोलीतील शब्दाने बापाची भाषा मुलाच्या यशानंतरही पुसली गेली नाही, असे सुचविले आहे. तथापि या पुस्तकाचा भर पोहोचण्यावर आहे. पोहोचल्यानंतरच्या घरात रोज काय घडते, हा विनोदी मालिकेचा विषय होय. त्या अंगाने उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) अधिक जवळचे वाटते. शहरात स्थिरावलेल्या घरात शिकणारी, लिहिणारी, चळवळीत वावरणारी पत्नी आणि तिच्या वाढीने अस्वस्थ होणारा पती यांच्यातील ताण तेथे निःसंकोचपणे आला आहे. लुईस जेफरसनच्या प्रश्नांशी त्याचे नाते सहज जाणवते.

म्हणजे साहित्यात सामग्री आहे. दूरचित्रवाणीकडे वळल्यावर चित्र बदलते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या साहित्यावरील 'चिमणराव', मराठी कुटुंब केंद्रस्थानी असलेली हिंदी मालिका 'वागळे की दुनिया' (१९८८), 'प्रपंच' (१९९९) आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१) या मालिकांनी मराठी मध्यमवर्गीय घर पडद्यावर लोकप्रिय केले. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणरावापासून टिपरे आजोबांपर्यंत या घराची दोन टोके साकारली. या मालिकांचे गुण निर्विवाद आहेत. परंतु या नामावळीत आंबेडकरी कुटुंब केंद्रस्थानी असलेले एकही नाव नाही. त्यांतील घरे 'सर्वसामान्य' म्हणून सादर होतात आणि ज्यांना आपली जात सांगावी लागत नाही, त्यांचेच घर सर्वसामान्य ठरते. २०१९ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' ही चरित्रमालिका आली व तिचे मोठे स्वागत झाले. परंतु महापुरुषाचे चरित्र आणि त्याच्या अनुयायाचे रोजचे घर या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापुढे प्रेक्षक नतमस्तक होतो. दुसऱ्यात त्याने चहा घ्यावयास बसावे, अशी अपेक्षा असते.

भिंत, आडनाव आणि बोली

अशी मालिका मराठीत करावयाची झाल्यास पहिली अडचण नेपथ्यकारापुढे उभी राहील. जॉर्जचा वर्ण पडद्यावर आपोआप दिसतो. जात दिसत नाही; ती आडनावातून, अभिवादनातून आणि भिंतीवरील तसबिरीतून कळते. दिवाणखान्याच्या भिंतीवर बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा ठेवावयाच्या की नाही, हा निर्णय टाळता येणार नाही. त्या काढल्या तर घर पुन्हा 'सर्वसामान्य' होईल. त्या ठेवल्या तर त्या घरातील माणसांनी सदैव गंभीर, सदैव अनुकरणीय असावे, असे दडपण येईल. विनोदाचे खरे क्षेत्र या दोहोंच्या मध्ये आहे. दूरध्वनीवर कोणाला 'जय भीम' म्हणावयाचे आणि कोणाला 'नमस्कार', याचा क्षणार्धात करावा लागणारा हिशेब. गृहनिर्माण संस्थेतील सत्यनारायणाचे निमंत्रण आणि १४ एप्रिलची वर्गणी यांची शेजाऱ्यांशी होणारी देवाणघेवाण. नव्या सदनिकेत भटजीऐवजी बुद्धवंदना होताना समोरच्या दारातून डोकावणारी मान — हे सर्व प्रसंग रोजच्या जीवनातील असून त्यांत ताण आणि हसू एकत्र आहेत.

घर मिळणे हीच मुळात कसोटी आहे, हेही विसरता येत नाही. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दिल्ली व परिसरात भाड्याचे घर शोधताना दलितांना व मुस्लिमांना येणारा नकार पुराव्यानिशी मांडला. जेथे घराचे दार जातीवर उघडते वा मिटते, तेथे 'दार कोणाचे' हा प्रश्न केवळ रूपकात्मक राहत नाही.

दुसरी अडचण उन्नतीच्या मार्गाची आहे. जॉर्ज दुकानदार आहे. पैसा ही त्याची फुशारकी आहे. महाराष्ट्रातील दलित मध्यमवर्ग प्रामुख्याने शिक्षण आणि शासकीय नोकरी यांतून उभा राहिला. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना स्थापन केली, हा पुढचा टप्पा. दुकानदाराच्या यशाला गिऱ्हाईक साक्षी असते. आरक्षणातून पुढे आलेल्या अधिकाऱ्याला किंवा प्राध्यापकाला मात्र आपली गुणवत्ता रोज नव्याने सिद्ध करावी लागते. म्हणून मराठी जॉर्ज फुशारकी मारणार नाही. तो वाजवीपेक्षा जास्त वक्तशीर, जास्त शुद्ध बोलणारा, जास्त कडक इस्त्रीचा असेल. त्याचा विनोदही तेथूनच निर्माण होईल.

तिसरा प्रश्न बोलीचा. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावांतून नागपूर, अमरावती, पुणे येथे गेलेल्या पहिल्या पिढीने वऱ्हाडी घरात ठेवली आणि प्रमाणभाषा कार्यालयात नेली. यवतमाळचे कवी शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगातून वऱ्हाडी विनोद रंगमंचावर नेला. तेथे बोली वक्त्याची आणि श्रोत्यांची सामाईक होती. दूरचित्रवाणीवर मात्र वऱ्हाडी बोलणारे पात्र बहुधा पाहुणे, नोकर वा भाबडा म्हणून येते. घरमालक प्रमाणभाषेत बोलतो. जात आणि बोली यांचे हे दुहेरी पाहुणेपण लक्षणीय आहे. फ्लॉरेन्सची जागा मराठी घरात मोलकरीण घेणार नाही. ती घेईल गावाहून स्पर्धा परीक्षेसाठी वा दवाखान्यासाठी आलेला भाऊबंद. बैठकीत अंथरूण घालून झोपणारा हा पाहुणा काकाच्या इंग्रजीला हसेल, त्याची फी काका निमूटपणे भरेल, आणि आपण पुढे आलो ते गावाला कोणी सांगितले का, हा प्रश्न त्याच्या अस्तित्वातून विचारला जाईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. उपेक्षित समाजाचे माध्यमातील स्थान केवळ सहानुभूती वा गौरव यांवरून ठरविता येत नाही. स्वतःच्या घरात सदोष असण्याचा आणि त्या दोषांवर हसले जाण्याचा अधिकार हे त्याचे अधिक खात्रीचे गमक आहे.

२. 'द जेफरसन्स'चे यश उन्नती दाखविण्यात जितके आहे, तितकेच उन्नतीची अपूर्णता विसरू न देण्यात आहे. स्मरणाविना केलेला विनोद प्रस्थापितांना दिलासा देतो, हे 'द कॉस्बी शो'च्या अनुभवावरून दिसते.

३. मराठी नाटक व आत्मकथन यांनी उन्नत दलित घर समर्थपणे उभे केले आहे. लोकप्रिय मराठी विनोदी मालिकांनी त्या सामग्रीचा लाभ घेतलेला नाही. ही उणीव सामग्रीची नसून निर्मात्यांच्या आणि प्रेक्षकांच्या धारणेची आहे.

४. अशा मालिकेत उपहासाचा धोका आहे, हे मान्य करावे लागते. जातीवरून हिणविण्याचा इतिहास पाहता ही भीती रास्त आहे. तिच्यावरील उपाय लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती यांत त्या घरातील माणसे असणे हा होय. विषय टाळणे हा नव्हे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सतीशसारखे प्राध्यापक आज अनेक विभागांत आहेत, आणि गावाहून आलेला भाचा-पुतण्या त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर आहे. हा विद्यार्थी पाठ्यपुस्तकात आपल्या आजोबांचे दुःख वाचतो. आपल्या काकांच्या घरातील हसू त्याला अद्याप कोठेही वाचावयास वा पाहावयास मिळत नाही. ते हसू लिहिले जाणे हे दलित साहित्याच्या गांभीर्यास बाधक नाही. उलट त्याच्या पुढील वाटचालीचे ते एक आवश्यक पाऊल ठरेल.